कालवं फोडणारे हात

आमच्या घरी मासे आणले की आई आधी जिन्याकडची खिडकी लावून घ्यायची. दांडिया बाजारातला जुना वाडा, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. खाली वैष्णव कुटुंब, समोर जैन, पलीकडे दोन घरं कोकणस्थांची. कुणी कधी वाकडा शब्द बोललं नाही. पण बाबांचा दंडक होता की मासळीची पिशवी वर्तमानपत्रात गुंडाळून आणायची आणि जिन्यात कुणी विचारलं तर ‘भाजी’ म्हणायचं. तळण झालं की लगेच उदबत्ती. तव्यावरच्या सुरमईचा आणि मोगऱ्याच्या उदबत्तीचा मिळून जो वास होई, तो माझ्या लेखी रविवारचा वास. बडोद्यात वाढलेल्या कितीतरी सीकेपी घरांत हेच असणार. खायचं, मनापासून खायचं, पण दार लावून.

रेवदंड्याला मात्र दार उघडं असायचं. पणजोबा गायकवाडी नोकरीसाठी बडोद्याला आले, तरी तिकडचं घर सुटलं नव्हतं आणि मे महिना आम्ही आजीकडे काढायचो. उधाणाच्या दिवसांत ओहोटी लांबपर्यंत जाते, खडक उघडे पडतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कालवंवाली पडवीसमोर येऊन उभी राहायची. डोक्यावर टोपली, टोपलीत ॲल्युमिनियमचा डबा, डब्यात राखाडी पाण्यात फोडून काढलेली कालवं. ती वाटीनं मापून द्यायची. आजी एकेक कालव बोटांत धरून कवचाची कच राहिली आहे का ते चाचपायची. मग आलं, लसूण, मिरची, कोथिंबिरीचं हिरवं वाटण, कांदा, दोन आमसुलं, आणि पाण्याचा थेंबही नाही, कारण कालवं स्वतःच पाणी सोडतात.

त्या बाईचे हात मला अजून दिसतात. दोन्ही तळव्यांवर बारीक पांढऱ्या रेघा, काही ताज्या, लाल. खडकाला चिकटलेलं कालव कोयतीनं फोडायचं म्हणजे हात कापणारच. ती पायरीवर बसायची, आजी पडवीत. आजी तिला पाणी द्यायची, गूळ द्यायची, घरच्या चौकश्या करायची, पण वर ये म्हणाली नाही. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची होते. ती पायरी आणि पडवी यांच्यातलं अंतर मला दिसत होतं, पण त्याला काही नाव असतं हे माहीत नव्हतं.

अमेरिकेतल्या ऑइस्टर बारविषयी, म्हणजे कालवं खाण्याच्या कट्ट्यांविषयी, लिहायला बसले आणि सुरुवात इथून झाली, कारण तिकडच्या त्या कट्ट्यावर बसल्यावर मला पहिल्यांदा आठवली ती हीच बाई.

२०१८ च्या ऑक्टोबरात मी भाच्याकडे गेले होते. तो न्यू हेवनला असतो. एका शनिवारी मला बोस्टनला घेऊन गेला आणि म्हणाला, “आत्या, तुला एक जागा दाखवतो. आजीला पण आवडली असती.” युनियन स्ट्रीटवरचं युनियन ऑइस्टर हाउस. विटांची, बारीक तावदानांची जुनी इमारत, अमेरिका स्वतंत्र होण्याआधीची. तिथं १८२६ पासून कालवं खिलवतात. वरच्या मजल्यावर १७९६ च्या सुमारास एक परागंदा फ्रेंच राजपुत्र राहायचा आणि पोटासाठी फ्रेंचच्या शिकवण्या करायचा. तो पुढं लुई फिलिप म्हणून फ्रान्सच्या गादीवर बसला. जॉन केनेडींची बसायची जागासुद्धा वरच दाखवतात. पण मी वर गेलेच नाही. खाली शिरल्या शिरल्या जो अर्धगोल लाकडी कट्टा आहे, तिथंच थांबले.

कट्ट्याच्या आत एक माणूस उभा. त्याच्यासमोर बर्फाचा ढीग, बर्फावर बंद शिंपले. कट्ट्याच्या बाहेर आम्ही, उंच स्टुलांवर. मध्ये जेमतेम दोन हात अंतर. त्यानं डाव्या हाताला जाड मोजा घातलेला, त्या तळव्यात शिंपला धरलेला, खोलगट बाजू खाली. उजव्या हातातल्या आखूड, बोथट सुरीचं टोक शिंपल्याच्या सांध्यात रोवायचं, जोर न करता मनगट फिरवायचं. एक बारीक ‘टक’ आवाज. मग पातं वरच्या कवचाला आतून चिकटवून सरकवायचं, म्हणजे कवच धरून ठेवणारा स्नायू कापला जातो आणि झाकण सुटतं. सुरी पुसायची, कच आत पडू नये म्हणून. मग तेच पातं खालून फिरवून कालव मोकळं करायचं, पण त्याच्या भोवतीचं खारं पाणी सांडू द्यायचं नाही. सांडलं की चव गेली. एका कालवाला पाच-सात सेकंद. मी मोजत होते.

सुरी पुसण्याची ती लकब पाहिली आणि आजीची बोटं आठवली. कच दोघांनाही नको होती.

याच कट्ट्यावर एकोणिसाव्या शतकात सिनेटर डॅनियल वेब्स्टर रोज येऊन उभा राहायचा. अर्धा डझन कालवं, त्याबरोबर ब्रँडी आणि पाण्याचा एक पेला, आणि अशा सहा बश्या झाल्याशिवाय उठायचा नाही, असं सांगतात. मी सहा कालवं मागवली. दोन वेलफ्लीटची, दोन डक्सबरीची, दोन आणखी कुठल्याशा खाडीची. जात सगळ्यांची एकच, क्रॅसोस्ट्रिया व्हर्जिनिका. नाव बदलतं ते पाण्याचं. कालव दिवसभर पाणी आत घेतं, गाळतं, सोडतं, म्हणून ज्या खाडीत वाढलं तिची चव त्याला लागते. आपल्याकडे देवगडच्या आणि रत्नागिरीच्या हापूसवरून माणसं भांडतात ना, तसे तिथं कालवांवरून भांडतात.

कच्चं खायचं म्हणून मी घाबरले होते. भाचा म्हणाला, “लिंबू पिळ, डोळे मिटू नकोस.” आधी नुसता खारेपणा, रेवदंड्याला लाट अंगावर आल्यावर नाकातोंडात जायचा तसा. मग तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्याची चव. आणि अगदी शेवटी, गिळून झाल्यावर, कोवळ्या काकडीसारखा गोडवा. आजीच्या हिरव्या वाटणाखाली ही चव असते याचा मला पन्नाशी उलटेपर्यंत पत्ता नव्हता.

मी भाच्याला म्हटलं, त्याला विचार, हात कापतो का. त्या माणसानं हसून मोजा काढला आणि अंगठ्याच्या बुडाशी असलेली पांढरी रेघ दाखवली. पहिल्या वर्षी सगळ्यांचेच कापतात, म्हणाला.

तिथून परत आल्यावर मी या विषयात शिरले ती अजून बाहेर आलेले नाही. वाचत गेले तसं कळलं की आज अमेरिकेत ऑइस्टर बार म्हणजे जरा खिसा सैल करण्याची जागा असली, तरी दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी ती सेव-उसळच्या लारीसारखी होती. न्यूयॉर्कचं बंदर तेव्हा कालवांनी भरलेलं होतं. त्याआधी कित्येक शतकं तिथले मूळचे लेनापे लोक कालवं खात आणि किनाऱ्यावर त्यांच्या शिंपल्यांचे डोंगर साचत. मॅनहॅटनमधल्या पर्ल स्ट्रीटचं नाव त्या शिंपल्यांवरूनच पडलं. १७१५ साली तिथल्या वसाहतीच्या विधिमंडळाला उन्हाळ्याचे चार महिने कालवं काढायला बंदी घालावी लागली होती, इतकी ती ओरबाडली जात होती. इंग्रजी नावात ‘आर’ असलेल्या महिन्यांतच कालवं खावीत हा नियम आपण ऐकतो, त्यामागं उष्म्यानं माल खराब होण्याची भीती आहे तशी कालवांच्या विणीची काळजीही आहे. आपल्या कोळ्यांची नारळी पौर्णिमा आणि अमेरिकेतला तो सप्टेंबर हे जवळजवळ एकाच सुमाराला येतात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

१८०० नंतर न्यूयॉर्कमध्ये रस्त्यावर हातगाड्या, बाजारात ठेले, आणि रस्त्याच्या पातळीखाली ऑइस्टर सेलर, म्हणजे कालवांची तळघरं. पायऱ्या उतरून खाली जायचं. दारावर लाल कापडाचा गोल फुगा टांगलेला, आत दिवा. तो लाल उजेड दिसला की समजायचं, इथं कालवं मिळतात. ‘कॅनॉल स्ट्रीट प्लॅन’ नावाची पद्धत होती: सहा सेंट द्या आणि हवी तितकी खा. हमाल, खलाशी, कारकून, व्यापारी, सगळे खात. पण तळघरं बहुतेक कळकट, दारूचे गुत्ते, कुटुंबाला घेऊन जावं अशी नव्हेत.

या सगळ्यात एक माणूस भेटला आणि मला त्याच्याविषयी नीट सांगायचं आहे. थॉमस डाउनिंग.

१७९१ साली व्हर्जिनियातल्या चिंकोटीग बेटावर जन्म. आईबाप गुलामगिरीतून मुक्त झालेले, तिथल्या प्रार्थनागृहाची देखभाल करणारे. पोरगा लहानपणापासून चिखलात कालवं काढण्यात तरबेज. पुढे फिलाडेल्फिया, तिथं लग्न, आणि १८१९ मध्ये न्यूयॉर्क. तिथं आल्यावर त्यानं एक लहान होडी घेतली आणि हडसन नदीच्या पलीकडच्या काठावरून स्वतः कालवं काढून विकायला लागला. म्हणजे सुरुवात त्या रेवदंड्याच्या बाईसारखीच, पायरीवरून.

१८२५ साली त्यानं ब्रॉड स्ट्रीटवर पाच नंबरच्या इमारतीत तळघर घेतलं. जागा कुठली, तर वॉल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर. बँका, शेअर बाजार, कस्टम हाउस, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. त्यानं तळघर असं सजवलं की न्यूयॉर्कनं तसं पाहिलं नव्हतं: गालिचे, आरसे, झुंबर, दमास्कचे पडदे. नवरे बायकांना घेऊन येऊ लागले, ही त्या काळच्या कालवांच्या तळघराला नवी गोष्ट होती. नुसती कच्ची कालवं नाहीत. कालवांचा ‘पाय’ म्हणजे कणकेच्या पारीत भाजलेली कालवं, कालवं भरून शिजवलेली टर्की, कालवांच्या सॉसमधला मासा. दहा वर्षांत शेजारच्या दोन्ही इमारतींची तळघरं जोडून घ्यावी लागली. लोणच्यासारखी मुरवलेली कालवं तो वेस्ट इंडीजला आणि युरोपात पाठवायचा. राणी व्हिक्टोरियाला उत्तम कालवं पाठवली, तर तिच्याकडून सोन्याचं घड्याळ आलं. १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्स न्यूयॉर्कला आले तेव्हा त्यांच्या सन्मानार्थ झालेल्या मोठ्या समारंभाचं खानपान डाउनिंगकडेच होतं.

आणि हे सगळं करताना तो रात्री स्वतः होडी वल्हवत बंदरात जायचा. कालवांचे गलबतवाले काठाला लागण्याआधी त्यांना पाण्यातच गाठायचा, निवडून माल घ्यायचा. मालक झाला, श्रीमंत झाला, तरी कालव हातात घेऊन पारखायचं काम त्यानं दुसऱ्याकडे सोपवलं नाही. मी बाजारात भाव न करता घेणारी बाई आहे, पण मासळी मात्र कुणाला आणू देत नाही. त्यामुळं हा तपशील वाचून मला तो घरचाच वाटला.

आता दुसरी बाजू. त्याच्या त्या गालिच्यांवरून चालणारी गिऱ्हाइकं गोरी होती. काळ्या माणसाला त्याच्याच रंगाच्या मालकाच्या हॉटेलात बसता येत नव्हतं. बसवलं असतं तर बँकवाले आले नसते आणि धंदा एका आठवड्यात बसला असता. तो स्वतः शहराला जेवू घालत होता, आणि त्याच शहरात रेल्वेच्या डब्यातून त्याला मारहाण करून उतरवलं गेलं. तो कोर्टात गेला आणि हरला.

पण त्याच्या तळघराच्या खाली आणखी एक तळघर होतं. तिथं दक्षिणेतून पळून आलेली माणसं, गुलामगिरीतून सुटू पाहणारी, लपवली जायची. वर बँकर कालवं खातायत, खाली एखादी बाई मुलाला छातीशी धरून रात्र होण्याची वाट बघतेय. १८५० च्या कायद्यानं अशा माणसांना पकडून परत पाठवणं सोपं झालं, तेव्हा त्या कायद्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या न्यूयॉर्कच्या समितीत डाउनिंग होता. काळ्या मुलांच्या शाळांसाठी तो झटला, मताधिकारासाठी अर्ज करत राहिला. मी हे वाचताना पुस्तक बंद करून बराच वेळ बसून राहिले. आमच्या घरचं, खिडकी लावून मासे खाणं, हे मला लहानपणी मोठं ओझं वाटायचं. लपवणं म्हणजे काय, हे मला ब्रॉड स्ट्रीटच्या त्या तळघरानं दाखवलं.

९ एप्रिल १८६६ रोजी अमेरिकेच्या काँग्रेसनं राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार मोडून नागरी हक्कांचा कायदा केला. काळी माणसं त्या दिवशी कायद्यानं नागरिक झाली. १० एप्रिलला थॉमस डाउनिंग वारला. एक दिवसाचा नागरिक. अंत्ययात्रेला जाता यावं म्हणून न्यूयॉर्कच्या व्यापारी मंडळानं आपलं कार्यालय त्या दिवशी बंद ठेवलं. त्याचा मुलगा जॉर्ज पुढं वॉशिंग्टनला प्रतिनिधिगृहाच्या भोजनगृहाचा व्यवस्थापक झाला.

आता आपल्या बडोद्याचा एक धागा. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत मी शाळेत असल्यापासून जाते. तिथले काचेच्या फरशीचे मजले आणि लोखंडी मांडण्या बडोद्याच्या वाचकांना सांगायला नकोत. महाराज सयाजीराव १९०६ साली अमेरिकेत फिरले, तिथली ग्रंथालयं पाहून आले, आणि १९१० मध्ये त्यांनी विल्यम ॲलन्सन बॉर्डन या ग्रंथपालाला संस्थानात बोलावलं. आपल्या गावोगावच्या वाचनालयांची घडी त्या तीन वर्षांत बसली. हा बॉर्डन न्यू हेवनचा. भाचा राहतो तेच गाव. आणि न्यू हेवनमध्येच क्विनिपिॲक नदीकाठी फेअर हेवन नावाची जी वस्ती आहे, ती एकोणिसाव्या शतकात जवळजवळ संपूर्णपणे कालवांवर जगत होती.

भाच्यानं मला तिथून गाडीतून फिरवलं. जुनी घरं पाहिली की रचना लगेच कळते. राहायची जागा वर, पायऱ्या चढून. तळमजला अर्धा जमिनीत, थेट नदीच्या बाजूला उघडणारा. होड्या काठाला लागायच्या, कालवं तळमजल्यात यायची, तिथं बायकामुलं ती उघडायची, पिंपांत भरायची आणि ती पिंपं गाड्यांनी आतल्या मुलखात जायची. तिथली कालवं कमी पडायला लागल्यावर गलबतं भरून चेसापीकच्या उपसागरातून कालवं आणायची आणि तिथल्या पाण्यात पेरून वाढवायची, असंही चाललं होतं. समुद्रापासून शेकडो मैल लांबच्या गावांतसुद्धा ऑइस्टर सलून, म्हणजे कालवांची दुकानं, निघाली ती रेल्वे आणि बर्फाच्या जोरावर. आम्ही बडोद्यात वेरावळची सुरमई खातो ती कशी, तर तशीच. सयाजीरावांनी ज्या माणसाच्या हाती आपली पुस्तकं सोपवली तो असल्या गावातून आला होता, हे मला तिथं जाईपर्यंत माहीत नव्हतं.

न्यूयॉर्कच्या काठाला त्या काळी दुमजली तरत्या वखारी बांधलेल्या असत. मागच्या बाजूनं होड्यांतून कालवं आत, पुढच्या बाजूनं शहरात. असल्या एका वखारीचा सांगाडा पुढं फेअर हेवनच्याच काठावर येऊन विसावला आणि त्यात वर्षानुवर्षं दारूचा बार चालला.

उघडणाऱ्या हातांविषयी आणखी एक गोष्ट सांगते, ती आनंदाची नाही. कालवं डब्यांत भरायचे कारखाने निघाले आणि उघडणारा माणूस खाणाऱ्याच्या नजरेआड गेला. १९११ च्या सुमारास लुइस हाइन नावाच्या छायाचित्रकारानं बालमजुरीविरोधी समितीसाठी मेक्सिकोच्या आखाताकाठच्या कारखान्यांत फोटो काढले. बाल्टिमोरहून पोलिश कुटुंबं हंगामापुरती रेल्वेनं तिकडं नेली जात. फोटोंत पाच-सहा वर्षांच्या मुली शिंपल्यांच्या ढिगाऱ्यात उभ्या आहेत, हातात सुरी, पहाटेपासून. बोस्टनच्या कट्ट्यावर मला जे दोन हातांचं अंतर आवडलं, ते नसलं की काय होतं ते या फोटोंत आहे. डबा उघडणाऱ्याला त्या पोरीची बोटं दिसत नाहीत.

मग या सगळ्याचा शेवट कसा झाला? शहरानं आपलं सांडपाणी त्याच बंदरात सोडलं, ज्यातून ते जेवत होतं. कालव पाणी गाळतं, म्हणजे घाणही गाळून स्वतःत ठेवतं. १९२४-२५ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्क, शिकागो, वॉशिंग्टनमध्ये दूषित कालवांमधून विषमज्वराची मोठी साथ आली, दीडशेच्या आसपास माणसं गेली. कालवांच्या पाण्याची तपासणी आणि विक्रीचे राष्ट्रीय नियम त्यानंतर आले. १९२७ पर्यंत न्यूयॉर्क बंदरातला कालवांचा शेवटचा तुकडासुद्धा बंद झाला. त्यातच १९२० ते १९३३ दारूबंदी. ज्या दारूच्या दुकानांत कालव हे बियरचं तोंडी लावणं होतं, ती दुकानं एकामागून एक मिटली. गुजरातेत राहणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

जी टिकली ती मोजकी. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या पोटातला ऑइस्टर बार १९१३ चा. ग्वास्ताव्हिनो या स्थपतीच्या पातळ फरश्यांच्या कमानींखाली बसून लोक गाडीच्या वेळेपर्यंत कालवं खातात. तोही सत्तरच्या दशकात बंद पडला होता, १९७४ मध्ये पुन्हा उघडला. त्याच्या दाराबाहेर एक कमान आहे, तिच्या एका कोपऱ्यात भिंतीला तोंड लावून कुजबुजलं की समोरच्या कोपऱ्यात ऐकू येतं. भाच्यानं तिकडून मला “आत्या, भूक लागली” म्हटलं आणि मला विजापूरचा गोलघुमट आठवला. न्यू ऑर्लिन्सला जायचं राहून गेलं, याची खंत आहे. तिथं ॲन्ट्वान्स हॉटेलात १८९९ साली निघालेला ऑइस्टर्स रॉकफेलर हा कालवांचा पदार्थ, ॲक्मीसारखी जुनी दुकानं, आणि डाल्मेशियाहून आलेल्या क्रोएशियन कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेली कालवांची शेतं. त्यावर पुन्हा कधीतरी, जाऊन आल्यावर.

पाण्याकाठी बसून जेवणं ही अमेरिकेतली फार जुनी रीत असेल असं मला वाटायचं. तसं नाही. मोठ्या बंदरांचा काठ म्हणजे गोद्या, वखारी, हमाल, माशांचा चिखल. १९५६ नंतर कंटेनरची जहाजं आली, त्यांना मोकळ्या, ऐसपैस जागा लागल्या, न्यूयॉर्कचा माल न्यू जर्सीच्या नव्या धक्क्यांवर उतरू लागला, आणि जुने धक्के ओस पडले. रिकाम्या काठाचं काय करायचं या प्रश्नातून हॉटेलं, बाकं, फिरायच्या वाटा आल्या. बोस्टनचं फॅन्युइल हॉल मार्केट १९७६, बाल्टिमोरचं हार्बरप्लेस १९८०. म्हणजे काम निघून गेल्यावर जेवण आलं. तिथं बसून मावळतीचं पाणी बघताना सुंदर वाटतं, मलाही वाटलं, पण त्या फळीवर कुणाच्या पाठीचा घाम पडला आहे हे माहीत असलेलं बरं.

ईस्ट रिव्हरच्या काठावर एका छोट्या जागी आम्ही शेवटची कालवं खाल्ली. बशी उचलायला आलेल्या मुलीनं रिकामे शिंपले कचऱ्यात टाकले नाहीत, वेगळ्या बादलीत टाकले. मी विचारलं. ती म्हणाली, परत बंदरात जातात. २०१४ मध्ये सुरू झालेला बिलियन ऑइस्टर प्रोजेक्ट शहरातल्या हॉटेलांतून शिंपले गोळा करतो, गव्हर्नर्स बेटावर ते वर्षभर उन्हापावसात ठेवतो आणि मग त्यांवर कालवांची पिल्लं वाढवून बंदरात सोडतो. कालवाचं पिल्लू दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगतं आणि मग त्याला चिकटायला काहीतरी कठीण लागतं. सर्वांत आवडतं ते जुन्या कालवाचं कवच. शिंपले भाजून चुना केला, रस्त्यांत भरले, की पुढच्या पिढीला घरच राहत नाही. न्यूयॉर्कनं ते केलं आणि आपण कोकणातही चुनाभट्ट्यांतून तेच केलं. मोठं कालव चांगल्या पाण्यात दिवसाला दीड-दोनशे लिटर पाणी गाळू शकतं. ही कालवं खायची नाहीत. ती पाणी धुण्यासाठी आहेत. त्या बादलीत शिंपला पडल्याचा आवाज मी लक्षात ठेवला आहे. आणि बडोद्यातल्या विश्वामित्री नदीच्या पुलावरून जाताना, दर वेळी, तो आठवतो.

परवाच्या जानेवारीत रेवदंड्याला गेले होते. आजीचं घर आता चुलतभावाकडे आहे. पौर्णिमेनंतरचे दिवस, ओहोटी लांब गेलेली. किल्ल्याच्या बाजूच्या खडकांत चार-पाच बायका वाकून कालवं फोडत होत्या. मी चपला हातात घेऊन तिथवर गेले. एक साठीच्या आसपासची, माझ्याच वयाची, तिला म्हटलं, “ताई, एक मला इथंच उघडून द्याल? कच्चं?”

तिनं मान वर केली. मला वाटलं, आता हसेल. पण ती म्हणाली, “आमी लहानपनापासून अशीच खातो, इथंच. भूक लागली की.” आणि कंबरेच्या पिशवीतून कागदाची पुडी काढली. मीठ आणि लाल तिखट.

तिनं कोयतीचं टोक घातलं, एकच झटका दिला, झाकण उडालं. बोटाच्या टोकानं कच काढली. मला दिलं, मग स्वतःसाठी एक फोडलं. खडक ओला होता आणि धारदार, तिनं आपल्या बसायच्या गोणपाटाची घडी उलगडून अर्धं माझ्याकडे सरकवलं. मी बसले.